मकासरे बाईंची हजेरी

मकासरे बाई आमच्या मंडळीत पहिल्यांदा आल्या त्या शुक्रवारी उपासना वीस मिनिटं उशिरा सुरू झाली, आणि त्याला कारण त्याच होत्या. मी पहिल्या गीताचा नंबर सांगितला, पेटीवर सूर धरला गेला, तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई उठली आणि मला म्हणाली, "सेक्रेटरी तुम्हीच ना? हजेरी कोण घेतं इथं?"

मी म्हटलं, "बाई, चर्चमध्ये कसली हजेरी?"

"आधी हजेरी, मग प्रार्थना. कोण आलंय तेच माहीत नाही, तर देवाशी बोलणार काय तुम्ही?"

अमिरातीतल्या अल ऐनमधली आमची मराठी मंडळी म्हणजे चौदा कुटुंबं आणि साइटवर काम करणारी पंधरा-वीस माणसं. चर्चच्या आवारातला हॉल आम्हाला शुक्रवारी संध्याकाळी दीड तास मिळतो. आमच्या आधी मल्याळी, आमच्यानंतर फिलिपिनो. आम्हाला पाच मिनिटं जास्त लागली की ते लोक गिटार घेऊन दारात हसत उभे राहतात, आणि त्यांनी ओरडलेलं परवडलं असतं असं मला होतं. त्यामुळे माझा जीव घड्याळात होता. बाईंचा नव्हता. त्यांनी पिशवीतून एक लांबट, जाड पुठ्ठ्याची वही काढली आणि एकेकाला उभं करून नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव विचारायला सुरुवात केली.

"नाव नीट सांग रे. नाव म्हणजे काय खोकला आहे, तोंडातल्या तोंडात दाबायला?"

हे याकोब खरातला. याकोब जालन्याकडचा. उंच इमारतींना बाहेरून पाइपांची परांची बांधायचं काम करतो, चौदा वर्षं झाली. साइटवर त्याला कुणी मुन्ना म्हणतं, कुणी हबीबी म्हणतं, आणि फोरमन हेल्मेटवरच्या नंबराने हाक मारतो. बाईंनी दटावल्यावर तो शाळेतल्यासारखा ताठ उभा राहिला आणि त्याने खणखणीत आवाजात सांगितलं, "याकोब शमुवेल खरात, तालुका अंबड." बाईंनी लिहून घेतलं आणि पुन्हा पूर्ण नाव वाचलं. "हजर, बाई," तो म्हणाला आणि बसल्यावर उगीच रुमालाने चष्मा पुसत राहिला. पुढच्या शुक्रवारी तो कामगारांच्या कॅम्पातली आणखी चार माणसं घेऊन आला. हजेरीची मी कितीही टिंगल केली असली, तरी उपस्थिती वाढली ती त्या वहीने, हे मला मान्य करावंच लागतं.

बाईंचं नाव कमल मकासरे. मुलगा प्रमोद इथे एका कंपनीत इंजिनिअर. नवरा गेल्यावर त्याने आईला आपल्याकडे आणलं. त्याआधी बाईंनी एकतीस वर्षं सातपुड्याच्या पायथ्याशी एका मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगमध्ये मेट्रन म्हणून काढली होती. ते बोर्डिंग आता बंद पडलंय. पण बाईंमधली मेट्रन बंद पडायला तयार नव्हती. उपासनेनंतरच्या चहाला त्या मुलांची नखं तपासत. आमच्या बायकांच्या पदरांकडे, माझ्या शर्टाच्या सुटलेल्या गुंडीकडे त्यांचं सारखं लक्ष. माझी मुलगी रिया त्यांना इंग्रजीत उत्तर द्यायची, तर त्या शांतपणे म्हणायच्या, "ऐकू आलं नाही." ती मराठीत बोलेपर्यंत त्यांना ऐकू येत नसे.

त्यांचा अभिमान एकच. "माझ्या हाताखालून चारशे मुली गेल्या. एकेकीचं नाव सांगते, विचारा." आम्ही गंमत म्हणून विचारायचो आणि बाई डोळे मिटून सुरू व्हायच्या. रूथ, नाओमी, सुनंदा, लता, मार्था, एस्तेर. कुणाला गोवर झाला होता, कुणाला भेंडी आवडत नव्हती, कोण पुढे नर्स झाली, सगळं मुखोद्गत. माझी स्वतःची आई अशाच एका बोर्डिंगमध्ये शिकून शिक्षिका झाली. ती गेली नसती तर जन्मभर शेळ्या राखल्या असत्या. त्यामुळे बाई बोलायला लागल्या की मला आईची आठवण यायची, आणि बाई मला आवडायच्या त्याचं खरं कारण हेच होतं.

गेल्याच्या गेल्या वर्षी आमच्यात कॅनडाची साथ आली. निम्म्या घरांची तिकडची फाइल टाकलेली, ज्यांची नाही ते टाकणार. प्रमोदचीही होती. रियाला तिकडच्या कॉलेजात जायचं होतं. तिच्याच शाळेत डोना नावाची एक शिक्षिका होती, कॅनडाची, पण मोहॉक, म्हणजे तिथल्या मूळच्या लोकांपैकी. आमच्याच आवारातल्या इंग्रजी उपासनेला ती यायची. एके दिवशी ती रियाला म्हणाली, तुम्ही सगळे तिकडे निघालात, तर ती जमीन कुणाची आहे ते आधी ऐकून तरी घ्या. रियाने घरी येऊन फर्मान काढलं, "बाबा, वी आर डूइंग धिस." मग सहा शनिवार ठरले. पाळक साहेबांनी त्याला समेटाचा अभ्यासवर्ग असं नाव दिलं. समेट हा आमच्या बायबलातला शब्द, पण गर्दी झाली ती थंडीचे जॅकेट कुठे स्वस्त मिळतात ते कळेल म्हणून.

डोना चाळिशीची, उंच, कमरेपर्यंत घट्ट वेणी. बाईंनी तिला नखशिखान्त न्याहाळलं आणि मला म्हणाल्या, "वेणी छान घालते. तेल नाही केसांना." डोना इंग्रजीत बोलायची, मी साइटवरच्या माणसांसाठी आणि बाईंसाठी मराठीत सांगायचो. पहिल्या दिवशी तिने सुरुवातीला तिच्या भाषेत बराच वेळ काहीतरी म्हटलं. मला वाटलं प्रार्थना असेल. ती म्हणाली, आमच्यात चार माणसं जमली की कामाला हात घालण्याआधी सगळ्यांचे आभार मानतात. जमलेल्या माणसांचे, जमिनीचे, पाण्याचे, माशांचे, मक्याचे, वाऱ्याचे, सूर्याचे, चंद्राचे. एकेकाचं नाव घ्यायचं आणि प्रत्येकानंतर म्हणायचं की आता आपलं मन एक झालं.

बाई माझ्या कानाशी लागल्या. "ही पण आधी हजेरीच घेते की रे."

तेवढ्यावर डोना त्यांना पसंत पडली. मका, घेवडा आणि भोपळा एकाच जागी लावायची पद्धत तिने सांगितली तेव्हा बाई मोठ्याने म्हणाल्या, "सातपुड्यात असंच लावतात. मक्यावर वेल चढतो, खाली भोपळा पसरतो. आमच्या मुलींच्या घरी बघितलंय मी." याकोबला तर डोना फारच जवळची वाटली, कारण तिचा आजोबा आणि दोन मामा उंच इमारतींचे लोखंडी सांगाडे उभारायला न्यूयॉर्कला जायचे. याकोबने मला तीनदा विचारायला लावलं की किती मजले, आणि हार्नेस होता का. आजोबांच्या वेळी नव्हता म्हटल्यावर त्याने नुसतीच मान हलवली. दुसऱ्या शनिवारी तिने सांगितलं की मोहॉक हे आम्ही स्वतःला दिलेलं नाव नाही, दुसऱ्यांनी ठेवलेलं आहे. आम्ही स्वतःला गारगोटीच्या प्रदेशातली माणसं म्हणतो. याकोब म्हणाला, "म्हणजे यांना पण मुन्नाच म्हणतात म्हणा." हे मी डोनाला सांगितलं तेव्हा ती खूप हसली.

तिसऱ्या शनिवारी तिने आजीची गोष्ट सांगितली. आजी सात वर्षांची असताना तिला घरापासून लांब, चर्च चालवत असलेल्या निवासी शाळेत नेलं. पहिल्या दिवशी वेणी कापली. नाव बदललं. घरची भाषा बोलली की शिक्षा. नऊ वर्षांनी ती परत आली तेव्हा आई आणि ती एकमेकींसमोर बसून राहिल्या, कारण दोघींना बोलता येईल अशी एकही भाषा उरली नव्हती. डोनाने हे अगदी साध्या आवाजात सांगितलं. अशी हजारो मुलं कधी परतलीच नाहीत, हेही सांगितलं. मी शेवटचं वाक्य मराठीत केलं आणि बाई उठून उभ्या राहिल्या.

"विनय, तिला सांग. तिकडे काय झालं असेल ते असेल. पण बोर्डिंगची बदनामी मी ऐकून घेणार नाही. आम्ही गावकुसाबाहेरची माणसं. बोर्डिंगने आमच्या अंगावर कपडा घातला, हातात पाटी दिली. तुझ्या आईला कुणी शिकवलं असतं रे? मी चारशे मुली वाढवल्या, सांग तिला. पोटच्या पोरीसारख्या वाढवल्या."

मी सांगितलं, आणि खरं सांगायचं तर बाईंपेक्षा जास्त जोर लावून सांगितलं. मी पूर्णपणे बाईंच्या बाजूचा होतो. डोनाचा मला त्या क्षणी रागच आला होता. आमच्या पाहुणचारात पोहे खाऊन आमच्याच आयांवर बोट ठेवते म्हणजे काय!

डोनाने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "माझी आजीसुद्धा तिथेच वाचायला शिकली. तेही खरं आहे." मग तिने बाईंकडे बघून विचारलं, "या चारशे मुलींना त्यांच्या आया कोणत्या नावाने हाक मारायच्या?"

मी मराठीत विचारलं. बाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. आम्ही सगळे वाट बघत होतो, कारण नाव विचारलं आणि बाईंना आलं नाही असं कधी झालंच नव्हतं. बाई म्हणाल्या, "रूथ..." आणि थांबल्या. मग "नाओमी, तिची ती धाकटी..." म्हणाल्या आणि पुन्हा थांबल्या. मग खाली बसल्या. त्या दिवशी वर्ग लवकर संपला आणि गिटारच्या सरावाला आलेल्या फिलिपिनो लोकांनी आत येऊन आम्हालाच विचारलं की सगळं ठीक आहे ना.

पुढचे दोन शुक्रवार बाई आल्या, पण वही आणली नाही. याकोब मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, कुछ गलत हो गया क्या? आज पण नाव नाही घेतलं." तेव्हा मी बाईंच्या घरी गेलो. प्रमोद ऑफिसात होता. बाई जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या, समोर ती वही, मागच्या कोऱ्या पानांवर त्यांनी आठवून आठवून बोर्डिंगच्या मुलींची नावं लिहिली होती. प्रत्येक नावासमोर एक रकाना आखलेला. रकाने सगळे रिकामे.

"बस," बाई म्हणाल्या. "चहा नंतर देते. आधी ऐक."

त्यांनी सांगितलं ते असं. रूथला तिचा बाप धडगावकडच्या एका पाड्यावरून दोन दिवस चालत घेऊन आला होता. मुलगी आठ वर्षांची. बापाने नाव सांगितलं. बाईंना ते नीट कळलं नाही, आणि पुन्हा विचारायचा कंटाळा आला. मागे दहा जणी उभ्या होत्या. "म्हटलं, रूथ लिहिते. तोंडाला सोपं. कुणाला लता केलं, कुणाला सुनंदा केलं. हजेरीपट भरभर व्हायला हवा ना. बाप पुन्हा एकदा ते नाव बोलला, मी हाताने म्हटलं, हो हो, झालं. मग केस कापले. उवा होत्या रे, खोटं नाही सांगत. सगळ्यांच्याच डोक्यात होत्या. पण पोर डोकं धरून बसली होती आणि मी तिला काही समजावलं नाही. मला तिची पावरी येत नव्हती, तिला माझी मराठी येत नव्हती. जेवताना कुणी पावरी बोललं की ताट घेऊन भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, हा नियम माझा. मिशनचा नाही, माझा. रूथ सहा महिने कुणाशीच बोलली नाही. मी रिपोर्टात लिहिलं, मुलगी शहाणी झाली."

मी म्हटलं, "बाई, तेव्हा सगळीकडे असंच होतं. तुम्ही तिला शिकवलं, मोठं केलं."

"केलं. ते कुठे जातंय? पण एकतीस वर्षं मी रोज दोनदा हजेरी घेतली, विनय. आणि एकीचंही नाव घेतलं नाही."

बाई रडल्या नाहीत. त्यांनी उठून चहा ठेवला, माझ्या सुटलेल्या गुंडीकडे बघितलं आणि त्याही दिवशी मला गुंडी लावायला लावली. मला मात्र गाडीत येऊन बसल्यावर बराच वेळ गाडी सुरू करवली नाही. माझ्या आईचंही बोर्डिंगच्या आधी एक नाव असणार, हे मला पन्नाशीत पहिल्यांदा सुचलं, आणि आता विचारायला आई नव्हती.

बाईंनी ठरवलं की ते रकाने भरायचे. शेवटच्या शनिवारी वर्ग संपल्यावर त्यांनी डोनाला धरलं. मी मध्ये होतोच. बाईंनी विचारलं, "माफी मागायला जाऊ का?" डोना खुर्ची ओढून बाईंसमोर बसली. मग म्हणाली, "मोकळं वाटावं म्हणून जाणार असाल तर जाऊ नका. त्यांना काय म्हणायचंय ते ऐकायला जाणार असाल तर जा. आणि त्यांनी नाही म्हटलं, तर ते नाहीच धरा."

"नाही कशाला म्हणतील?" बाई मला म्हणाल्या. "नाव तर सांगायचंय." हे मी डोनाला सांगितलं नाही.

रूथचा नंबर मिळायला एक दिवस पुरला, कारण जुन्या मुलींचा ग्रुप होताच. रूथ आता शहाद्याजवळ अंगणवाड्यांची सुपरवायझर होती. इथे व्हॉट्सअ‍ॅपवर कॉल लागत नाही, म्हणून रियाने दोन्हीकडे दुसरं अ‍ॅप टाकून दिलं. पडद्यावर पंचेचाळिशीची, चष्म्यातली बाई आली आणि आनंदाने ओरडली, "सलाम बाई! किती वाळलात!"

दहा मिनिटं मजेत गेली. मग बाईंनी विचारलं, "रूथ, तुझं घरचं नाव काय गं होतं?"

रूथचं हसू एकदम गेलं. "कशाला हवंय बाई आता?"

"वहीत लिहायचंय. राहून गेलं."

"राहून नव्हतं गेलं. माझ्या बापाने दोनदा सांगितलं होतं तुम्हाला." तिचा आवाज चढला नव्हता. "फोनवर नाही सांगणार. तो दोन दिवस चालत आला होता. तुम्ही पण या."

प्रमोद ऐकून भडकला. आईचे दोन्ही गुडघे गेलेले, हृदयाची गोळी चालू, आणि हे काय भलतंच! "आई, तू कुणाचं वाईट केलं नाहीस. उलट त्यांनीच तुझे पाय धरायला पाहिजेत." बाई म्हणाल्या, "तिकीट काढतोस की मी विनयला सांगू?" मला यात पडायचं नव्हतं, पण तिकीट शेवटी मीच काढलं. त्या डिसेंबरात बाईंनी नाताळच्या करंज्या आधीच करून फ्रीजरमध्ये ठेवल्या आणि पंधरा दिवसांसाठी गेल्या.

परत आल्यावर त्यांनी मला सगळं सांगितलं. रूथने त्यांना थेट पाड्यावर आईच्या घरी नेलं होतं. बाप कधीच गेला होता, आई होती, ऐंशीच्या पुढची. तिने बाईंना खाटेवर बसवलं, मक्याची भाकरी वाढली. बाईंनी माफी मागायला सुरुवात केली तर म्हातारीने हात वर करून थांबवलं. तिला माफी ऐकायचीच नव्हती. तिला विचारायचं होतं की पहिल्या दिवशी माझी पोर रडली का. काय खाल्लं. ताप यायचा तेव्हा उशाशी कोण बसायचं. मला हाक मारायची का. ती मुलगी सुट्टीत घरी यायची ती परक्यासारखी गप्प बसायची, त्यामुळे आईला यातलं काहीच कधी कळलं नव्हतं. बाई तीन दिवस तिच्यासमोर बसून उत्तरं देत होत्या. म्हातारीला मराठी येत नव्हती. बाईंचं एकेक वाक्य रूथ पावरीत सांगायची. ती अडखळली की म्हातारी शब्द पुरवायची.

"ज्या भाषेपायी तिला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, त्याच भाषेत माझं बोलणं तिने आईला सांगितलं," बाई म्हणाल्या. "भिंतीचं मी तिथे कबूल केलं.  त्या संध्याकाळी म्हातारीने मला जेवायला वाढलं नाही. रूथने वाढलं."

"आणि नाव?" मी विचारलं.

"तिसऱ्या दिवशी म्हातारीने तिला पाण्याला जायला हाक मारली. मी ऐकलं."

"मग लिहिलंत?"

बाई वही पिशवीत घालत म्हणाल्या, "तू तुझं काम बघ."

पुढच्या शुक्रवारी त्यांनी पुन्हा हजेरी घेतली. आमची नावं झाल्यावर त्यांनी मागचं पान उलटलं आणि सांगितलं, "आता आणखी अकरा नावं आहेत, उरलेल्या दिवसांत पाड्यापाड्यांवरून आणलेली. कुणी हजर म्हणायचं नाही." मग बुधी, सोमी, मंगली अशी नावं त्यांनी एकेक करून वाचली, आणि प्रत्येकीनंतर उत्तर येईल इतका वेळ थांबल्या. डोना शेवटच्या खुर्चीवर येऊन बसली होती. नंतर तिने बाईंना मिठी मारली आणि तिच्या भाषेत आभार मानले, "न्यावेन." बाई तिला मराठीत म्हणाल्या, "केसांना तेल लावत जा."

मार्चमध्ये प्रमोदचे कॅनडाचे कागद आले. त्याच्या घरचे सगळे निघाले, आणि बाईंनी सांगितलं की मी येणार नाही. घरात मोठं रामायण झालं. मीही प्रमोदच्या वतीने बोलून बघितलं. या वयात एकटीने राहणं, डॉक्टर, गुडघे, सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "अकरा झाली. उरलेल्यांच्या आया आहेत तोवर विचारायला हवं. आया गेल्या की कोण सांगणार?" माझ्या आईचं घरचं नाव मला ठाऊक नाही हे मी त्यांना सांगितलं होतं, त्यामुळे प्रमोदची वकिली मी तिथेच सोडली. विमानतळावर प्रमोद लहान पोरासारखा रडला. बाईंनी त्याची कॉलर नीट केली.

त्या शहाद्याला एक खोली घेऊन राहिल्या. रविवारी रूथला सुट्टी असायची, तेव्हा दोघी एसटीने किंवा मिळेल त्या जीपने पाड्यापाड्यांवर जायच्या. दर सोमवारी माझ्या मोबाइलवर वहीच्या पानाचा फोटो यायचा. कधी दोन रकाने भरलेले, कधी एक. एकदा रकान्यात नावाऐवजी लिहिलं होतं, 'सांगणार नाही म्हणाली.' खाली बाईंनी मला लिहिलं होतं, 'डोनाला सांग, नाही म्हणतात.' एकदा एका बाईने दारातूनच परत पाठवलं, तेही त्यांनी लिहून ठेवलं होतं. मी ती नावं शुक्रवारी वाचायचो. माझ्या वाचनावर याकोब खूश नसायचा. "साहेब, बाई थांबायच्या तसं थांबा ना," म्हणायचा.

जानेवारीत याकोब सुट्टीवर गेला तो वाट वाकडी करून शहाद्याला जाऊन आला. परत आला तेव्हा त्याच्या बॅगेत टॉवेलात गुंडाळलेली वही होती. बाईंनी त्याला सांगितलं होतं, "माझा हात आता कापतो. विनयकडे दे. शुक्रवार चुकवू नको म्हणावं." त्यानंतर सव्वा महिन्याने, सकाळी चहा करताना बाई गेल्या. रूथनेच सगळं केलं. प्रमोद पोचला तेव्हा दफन व्हायचं होतं, एवढं तरी त्याला मिळालं.

मला बाई गेल्याचं दुःख झालंच, पण त्याहून जास्त मला त्यांचा हेवा वाटला, त्यांना विचारायला कुणाच्या तरी आया उरल्या होत्या म्हणून, हे मी इथे लिहून टाकतो. चारशेपैकी त्र्याऐंशी रकाने भरले होते. मी ते पान पान बघत होतो तेव्हा लक्षात आलं की यादीतलं पहिलंच नाव रूथ, आणि तिच्यासमोर काही नाही. 'सांगणार नाही'सुद्धा नाही. मला वाटलं म्हातारपणी विसरल्या असतील. सगळ्यात आधी कळलेलं नाव!

आठवड्याभराने रूथचा फोन आला. प्रमोद गेला, खोली रिकामी केली, असं थोडं बोलणं झालं. मग ती म्हणाली, "भाऊ, एक विचारू? वहीत माझ्या नावासमोर काय लिहिलंय?"

"तुम्ही बघितली नाहीत? वर्षभर तर बरोबर फिरत होतात."

"नाही. आईने हाक मारली तेव्हा मी बाईंना म्हटलं होतं, ऐकलंत तेवढं पुरे. ते आईच्या तोंडात राहू द्या. तुमच्या वहीत नको. बाई हो म्हणाल्या. पण त्यांचं तुम्हाला माहीत आहे, रकाना मोकळा ठेवायची सवय नाही त्यांना. मी मुद्दामच कधी वही उघडून बघितली नाही."

मी वही पुन्हा काढली. म्हटलं, "काही नाही लिहिलेलं. रिकामा आहे."

"पेन्सिलीनेसुद्धा?"

मी पान खिडकीशी धरून, तिरकं करून बघितलं. खोडल्याची खूणही नव्हती. तसं सांगितलं.

रूथ रडायला लागली. बरीच रडली, मी फोन धरून उभा राहिलो. मग नाक ओढत तिने विचारलं, "शुक्रवारी तुम्ही हजेरी घेता ना अजून?"

"घेतो."

"मग मला रूथ म्हणून घ्या. बाईंची रूथ. किती वाजता घेता तेवढं सांगा, मी इकडून हजर म्हणेन."